ती वर आसा

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे तिच्या पायाची नखं कापली. तिला वाकता येत नव्हतं आणि मला धड दिसत नव्हतं, त्यामुळे हे काम दोघांचं. मी पाटावर, ती खुर्चीत, तिचा पाय माझ्या मांडीवर. ती खुर्चीतून हुकूम सोडायची. "जरा डावीकडे. आता दाबा. अहो, नख काढताय की बोट?" दहा नखांना पाऊण तास गेला. शेवटी म्हणाली, "तुमच्यापेक्षा न्हावी बरा." मी म्हटलं, "मग न्हाव्याशीच लग्न करायचं होतंस." दुसऱ्या दिवशी दुपारी कालवण-भात जेवून आडवी झाली ती उठली नाही. तिला काही त्रास झाला नाही, असं डॉक्टर म्हणाला. मला झाला, पण ते कोणी विचारलं नाही.

नखं चालू असताना नात आली होती. ती मानसशास्त्र शिकते. तिला कॉलेजातून तीन महिने जेलात पाठवणार होते, कैद्यांच्या मनाचं काम शिकायला. त्याला इंटर्नशिप म्हणतात. ती म्हणाली, "आजोबा, तुमच्या वेळी जेलात असलं काही होतं?" मी तोंड उघडायच्या आत आजीने गोष्ट सुरू केली. ही गोष्ट ती संसारभर सांगत आली, आणि कायम चुकीची. तिच्या गोष्टीत मी घाबरट आणि सगळं ती करते. मी मधे बोललो की म्हणायची, "तुम्ही थांबा, तुम्हाला सांगता येत नाही." आता मधे बोलायला कोणी नाही. म्हणून मी सांगतो. माझं शिक्षण चौथी. ऱ्हस्व-दीर्घ नातीने बघितलंय, शब्द माझे.

तेव्हा संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटलेली होती. मी गावाहून नुकताच आलेला. लालबागला गाववाल्यांच्या खोलीत बाराजणांत पथारी टाकायचो. ओळखीने जेलात शिपाई म्हणून लागलो. नोकरी कच्ची. वर्षभरात काही गडबड केली नाही तर पक्की. जेल गिरण्यांच्या गर्दीतलाच. नाव लिहीत नाही. माणसं गेली, पण त्यांची पोरंबाळं आहेत.

जेल सत्याग्रहींनी ठासून भरला होता. गिरणी कामगार, मास्तर, कारकून, भजनी मंडळी, सगळे. सकाळी गिनतीला उभे राहिले की घोषणा सुरू. चोर-खिसेकापू बिचारे कोपऱ्यात दबून बसायचे. एवढ्या चांगल्या कामासाठी माणसं आत आली आणि आपण मात्र फुकट आलो, अशी त्यांना लाज वाटायची. मग हळूहळू तेही "झालाच पाहिजे" ओरडायला लागले. जेलरसाहेबांनी एका खिसेकापूला दरडावलं, "तुझा काय संबंध रे?" तो म्हणाला, "साहेब, मुंबई हातची गेली तर आम्ही खिसे कुठं कापायचे?" साहेब पाठ करून निघून गेले. पाठ हलत होती, म्हणजे हसत होते.

अशात एक दिवस बाई आल्या. गिरगावातल्या, कॉलेजात मनाचं शास्त्र शिकणाऱ्या, वीस-एकवीस वर्षांच्या. पांढरी सुती साडी, खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत वह्याच वह्या. तीन महिने त्यांनी कैद्यांशी बोलायचं, कोणाचं मन बिघडलंय का ते बघायचं आणि जेलच्या डॉक्टरांना लिहून द्यायचं, असं ठरलं होतं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे. खोकले-जुलाब बघता बघता त्यांचा वेळ संपायचा, मनं बघायला फुरसत कुठली? बाई लिहितील त्यावर ते सही करायचे. आम्ही शिपाई त्यांना 'मनाची बाई' म्हणायचो.

जेलरसाहेबांनी मला बोलावलं. "बाईमाणूस बराकीत एकटं जाणार नाही. तू सोबत राहायचं. काय हवं-नको बघायचं."

बाईंना हवा होता दुभाषी. त्या बोलायच्या ते मराठीच, पण छापलेलं.

"आपणांस अलीकडे विषण्णता जाणवते काय?"

कैदी माझ्याकडे बघायचा. "कोणाची म्हणतायत? विष्णूची?"

"उदास वाटतं काय विचारतायत रे."

"मग जेलात काय बारशाला आलोय?"

बाई मान खाली घालून लिहायच्या. "निद्रेत व्यत्यय येतो काय?"

आता ह्याचं मी काय करणार? मी विचारायचो, "ढेकूण चावतात काय?"

"चावतात."

तिसऱ्या दिवशी बाई म्हणाल्या, "हवालदार, या बराकीत एकूण एक माणसाची झोप बिघडलेली आहे. हे विलक्षण आहे."

मी म्हटलं, "ढेकूणच तसले आहेत बाई."

मग मी काय विचारत होतो ते त्यांना कळलं. आधी लाल झाल्या, मग एवढ्या हसल्या की चष्मा काढून पुसावा लागला. सगळी पानं खोडली आणि दुसऱ्या दिवशी प्रश्न लिहून आणला, 'ढेकूण सोडून दुसऱ्या कशाने जाग येते का?' मला तेव्हाच बाई आवडल्या. शिकलेलं माणूस आपलं लिहिलेलं खोडतंय, हे मी पहिल्यांदा बघत होतो. मी त्यांना सांगितलं, "मी हवालदार नाही, नुसता शिपाई आहे." तर म्हणाल्या, "मग होईपर्यंत ऐकायचा सराव करा."

त्या बराकीत एक साचेवाला होता. साचा म्हणजे गिरणीतलं कापड विणायचं यंत्र. त्यावर काम करणारा तो साचेवाला. तिशीचा, मालवणकडचा, हाडकुळा. लालबागला मोर्चा होता तेव्हा पोलिसांनी पांगायला तीनदा सांगितलं. बाकीचे पळाले, हा उभाच. त्याला धरला आणि दगडफेकीत घातला. केस उभी राहायची होती, तोवर कच्चा कैदी म्हणून आमच्याकडे. कोणाशी बोलायचा नाही. पण रोज दुपारी, पहिली पाळी सुटल्याचा भोंगा झाला की थोड्या वेळाने उठायचा, भिंतीकडच्या खिडकीशी एका ठरलेल्या जागी उभा राहायचा आणि ओठ हलवायचा. आवाज नाही. नुसते ओठ, आणि मधेमधे बोटं. मान डोलवायचा. कधी रागवायचा. कधी तोंडावर हात ठेवून हसायचा. आधी मला वाटलं जप करतोय. पण जप करताना माणूस देवाला डोळा कशाला मारेल? बाकीचे कैदी त्याच्यापासून हातभर लांब झोपायचे. म्हणायचे, ह्याच्यावर काहीतरी बसलंय.

बाईंनी एका बुधवारी त्याला समोर घेतलं.

"एकटे असताना कुणाशी बोलता का?" एव्हाना त्यांची मराठी पुष्कळ सुधारली होती.

तो नुसता बघत राहिला. मी त्याच्या कानाशी जाऊन ओरडलो, "कोणाशी बोलतंस रे?"

"बयणीशी!" तो असा ओरडला की बाईंच्या हातातलं पेन उडालं.

"खंय आसता ती?"

त्याने हात उचलून वर दाखवलं. "ती वर आसा."

आता खरं सांगतो. माझी धाकटी बहीण आदल्याच वर्षी गावी तापाने गेली होती. माझ्या डोक्यात तीच. तो म्हणाला 'वर आसा' आणि मी बाईंना सांगितलं, "बाई, ती वर गेली."

बाईंनी आवाज खाली आणला. "कधी?"

मी त्याच्या कानात, "कधीपासून?"

"गणपतीपासून!"

"तिचा आवाज ऐकू येतो का त्यांना?"

"आवाज कसलो? आवाज नाय. दिसता!"

"इतरांना दिसते?"

"तेंका कशी दिसतली? माज्या जाग्यार येवन उभा रवाक होया!"

"कानात काही ऐकू येतं?"

"दिवसरात! खडाक-खट, खडाक-खट!"

बाईंनी चार पानं भरली. शेवटच्या पानावर एक थेंब पडला तो त्यांनी पदराने टिपला. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "हवालदार, या माणसाला बहिणीचं दुःख सोसलेलं नाही. याला इथे ठेवणं बरोबर नाही. ठाण्याला उपचार होतील. डॉक्टर शनिवारी येतील तेव्हा सही घेते."

ठाण्याला म्हणजे वेड्यांच्या इस्पितळात, हे मुंबईत कोणाला सांगावं लागत नाही. तिथं चार दिवस जाऊन आलेला माणूससुद्धा जन्मभर 'ठाण्याचा' होतो. गिरणीत नाव कटतं. गावची भावकी तोंड फिरवते. मी मान डोलवली. मला वाटलं, बिचाऱ्याचं भलं होतंय.

गुरुवारी दुपारी बराकीत माझी ड्यूटी होती. भोंगा होऊन गेला. साचेवाल्याला तेवढ्यात पाण्याच्या बादल्या उचलायला कोणी तरी नेलं. त्याची जागा मोकळी. का कोण जाणे, मी जाऊन तिथं उभा राहिलो. माझी बहीण तिथून दिसली असती तर मलाही हवीच होती.

तिथं उभं राहिलं की खिडकीच्या वरच्या कोपऱ्यातून जेलची भिंत, भिंतीवर पाण्याची टाकी आणि टाकीच्या बाजूने पलीकडच्या चाळीची एक हातभर गॅलरी दिसायची. तिसरा माळा. गॅलरीत एक मुलगी उभी होती. हसत होती. मग तिला माझी टोपी दिसली. हसू गेलं. तिने ओठ हलवले, झरझर, आणि हाताने मला बाजूला सारलं, माशी सारतात तसं. मला अक्षर कळलं नाही. मी खुळ्यासारखा हात हलवला.

ती आमची ही. ती तेव्हा काय म्हणाली ते तिने लग्नानंतर सांगितलं. म्हणाली होती, "रे मेल्या, बाजूक हो, माजो भाव खंय आसा?" म्हणजे बायकोचा मला पहिला शब्द 'मेल्या', आणि मी तिला हात हलवून दाखवला. ह्या बाबतीत आमच्या दोघांच्या गोष्टी जुळतात.

मी हात खाली घेतला आणि मग मला कळलं. वर म्हणजे तिसऱ्या माळ्यावर. मीच 'आसा'चं, म्हणजे 'आहे'चं, 'गेली' केलं होतं. आणि परवा शनिवार.

ड्यूटी सुटल्यावर तसाच, गणवेशात, त्या चाळीत गेलो. जिन्यावरची माणसं शिपाई बघून घरात शिरली. तिसऱ्या माळ्यावर दार उघडं. ही जमिनीवर बसून विळीवर बोंबील साफ करत होती. गिरणीतून आलेली, केसांत कापसाचे तंतू तसेच. मला बघून उठलीसुद्धा नाही.

"खंय व्हरतास? जेलात? थांबा, चुलीवरचा उतरवतंय."

"न्यायला नाही आलो."

"माजो गुन्हो काय? भावाशी बोललंय. तोंडातसून आवाजसुद्धा काढूक नाय."

"पण बोलतेस कशी? एवढ्या लांबून?"

तिने माझ्याकडे असं बघितलं की गावची म्हैस बरी. "तुमी गिरणीत कधी पाय ठेवलास?"

मग तिने सांगितलं. साच्यांच्या खात्यात शेकड्याने साचे एकदम चालतात. कानाशी तोंड नेऊन बोंब मारली तरी ऐकू येत नाही. म्हणून साचेवाले ओठांनी आणि बोटांनी बोलतात, ह्या रांगेतून त्या रांगेत. चहा सांगतात, शिव्या देतात, सोयरीक जमवतात. वर्षं गेली की कान जातात, पण बोलणं अडत नाही. ही स्वतः गिरणीत वाइंडिंग खात्यात, दोरा गुंडाळायच्या कामाला. बाप साचेवाला, तोही बहिरा होऊन गेला. घरात सगळे असेच बोलायचे. गणपतीत त्यांना तळमजल्यावरची ओली खोली सोडून वर खोली मिळाली, आणि मग भाऊ आत गेल्यावर देवाने गॅलरी कुठं काढून ठेवली होती बघा.

मला खरं वाटेना. तिने समोरच्या इमारतीच्या गच्चीत पापड वाळवणाऱ्या एका म्हातारीकडे बघून ओठ हलवले. म्हातारीने माझ्याकडे नीट बघितलं आणि तिनेही ओठ हलवले. दोघी हसल्या.

"काय म्हणाली ती?"

"म्हणता, शिपाई दिसाक बरो आसा, पण खुळो दिसता."

मला हसता येईना. म्हटलं, "तुझ्या भावाला शनिवारी ठाण्याला पाठवणार आहेत."

तिचा हात बोंबलावर थांबला. "ठाण्याक? कित्याक?"

"तो वेडा आहे म्हणून."

"कोणी सांगल्यान?"

बाईंचं नाव घेता आलं असतं. डॉक्टरांचंही घेता आलं असतं. मी म्हटलं, "मी."

तिने हातातला ओला बोंबील माझ्या छातीवर फेकून मारला. ती नातीला सांगायची, पापलेट मारलं. खोटं. पापलेट त्या घरात यायचंच नाही. बोंबीलच होता, आणि गणवेशाचा वास चार धुण्यांनी गेला नाही. मग ती रडली. थोडंच. मग पदराने तोंड पुसून म्हणाली, "तुमी सांगलास तो येडो. आता तुमीच सांगा तो शाणो."

शुक्रवारी सकाळी मी ट्रामच्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो. बाई उतरल्या आणि मला बघून नाक मुरडलं, बोंबलामुळे. मी रस्त्यावरच सगळं ओकलो.

"म्हणजे वर म्हणजे..."

"तिसरा माळा, बाई."

"आणि गणपतीपासून म्हणजे?"

"तेव्हा खोली बदलली."

बाई दिव्याच्या खांबाला टेकल्या. हसायला लागल्या, आणि हसता हसता एकदम थांबल्या. "मी चार पानं लिहिली, हवालदार. त्यात त्याला नीट ऐकू येतं का, हा एक प्रश्न नाही."

"चूक माझी. मी उलटं सांगितलं."

"माझी. मी तुमचं ऐकलं, त्याचं ऐकलंच नाही."

"तुम्हाला त्याचं कळलं नसतं."

"मग मी पुन्हा विचारायला हवं होतं. माझी."

"बाई, माझी म्हणतोय ना!"

चूक कोणाची ह्यावरून आम्ही भर रस्त्यात भांडत होतो. एक पाववाला सायकल थांबवून बघायला लागला. मग मी अवघड ते बोललो. "बाई, गॅलरीचं साहेबांना सांगितलंत तर माझी नोकरी गेली. तीन आठवडे माझ्या नाकाखाली कैदी बाहेर बोलत होता. त्याला आतल्या कोठडीत टाकतील, आणि त्या मुलीला निरोप्या म्हणून धरतील. न सांगावं तर तो ठाण्याला."

बाई विचार करत चार पावलं पुढे गेल्या, चार मागे आल्या. "खोटं मी लिहिणार नाही," म्हणाल्या. "पण विचारलं नाही ते सांगायलाच हवं, असं मला कुठे शिकवलेलं नाही."

शनिवारी डॉक्टर आले. जेलरसाहेबांच्या खोलीत बाईंनी ती चार पानं टेबलावरून उचलली. "ही मी परत घेते. माझी चूक झाली आहे. हा माणूस वेडा नाही, बहिरा आहे. ओठांनी बोलणं ही साचेवाल्यांची कामावरची बोली आहे."

डॉक्टर वैतागले. "बुधवारी वेडा, शनिवारी शहाणा? तुम्ही अजून शिकाऊ आहात, बाई. असं कागद मागे घेता येत नाहीत. तुमचा निरोप आला तशी याची जागा सांगून ठेवलीय मी."

"म्हणूनच सही व्हायच्या आत घेतेय," बाई म्हणाल्या. हातातली पानं सोडली नाहीत. "आपण परीक्षा घेऊन बघा."

जेलरसाहेबांना असलं काही आवडायचं. त्यांनी दुसऱ्या बराकीतून एक सत्याग्रही बोलावला, वेगळ्या गिरणीतला साचेवाला. आमच्या साचेवाल्याने त्याला कधी बघितलंही नव्हतं. त्याला पटांगणाच्या एका टोकाला उभा केला आणि आमच्याला दुसऱ्या. मधे चाळीस-पन्नास पावलं. सगळ्या बराकींच्या गजांना तोंडं लागली. साहेब सत्याग्रह्याच्या कानात कुजबुजले. त्याने ओठ हलवले, दोन बोटं फिरवली. आमच्याने डोळे बारीक केले आणि ओरडला,

"साहेब इचारतत, आजच्या डाळीत डाळ आसा काय?"

अख्खा जेल फुटला. साहेब ओरडले, "मी विचारलं होतं, आज जेवायला काय आहे!"

सत्याग्रही म्हणाला, "साहेब, मी थोडं सुधारून सांगितलं."

"आता मी सांगतो," डॉक्टर पुढे आले. "आणि सुधारायचं नाही." ते कुजबुजले. सत्याग्रह्याने क्षणभर त्यांच्याकडे बघितलं, मग ओठ हलवले, सावकाश. ह्या वेळी आमचा साचेवाला लगेच ओरडला नाही. त्याचा चेहरा बदलत गेला. मग एवढंच म्हणाला, आणि तेही त्याच्या मानाने हळू, म्हणजे पटांगणभर ऐकू गेलं, "डागदर म्हणतत, तू लवकर सुटतलंस आणि घराक जातलंस. ह्या खरा?"

डॉक्टरांनी खाली बघितलं. त्यांनी नुसती परीक्षा म्हणून वाक्य टाकलं होतं. मग पिशवीतून दिवा काढला, चालत गेले आणि पहिल्यांदाच त्याच्या कानात बघितलं. ह्या कानात, त्या कानात. "कान गेलेत," म्हणाले. "माणूस धड आहे." आणि बाईंच्या हातातली चार पानं घेऊन स्वतः फाडली.

मला वाटलं सुटलो. पण जेलरसाहेब जेलर होते. "ते सगळं ठीक," ते बाईंना म्हणाले. "पण आमच्या बराकीत तर हा एकच साचेवाला. मग रोज दुपारी तो बोलतो कोणाशी?"

बाई म्हणाल्या, "साहेब, तो वेडा आहे का, एवढंच शोधायचं काम मला दिलं होतं."

साहेबांनी बाईंकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग वर पाण्याच्या टाकीकडे. ड्यूटी सुटताना फाटकाशी मला थांबवलं. "त्या बराकीला दोन खिडक्या आहेत ना? उद्या सकाळी भिंतीकडच्या खिडकीला पत्रा ठोक. तूच ठोक. नोकरी पक्की करायचीय ना तुला?"

"होय साहेब."

बाईंचे तीन महिने पुढे नीट पार पडले. आमच्या लग्नात त्या गिरगावातून पेढे घेऊन आल्या आणि हिने त्यांना ओठांनी एक वाक्य बोलायला शिकवलं. कोणतं ते मला दोघींनीही कधी सांगितलं नाही. आता विचारायची सोय नाही. साचेवालाही महिन्याभरात सुटला. केस टिकली नाही. पण हे सगळं नंतरचं. शनिवारी संध्याकाळी मी खोलीवर आलो तेव्हा एवढंच ठाऊक होतं की माणूस ठाण्यापासून वाचला आणि उद्या मी त्याची खिडकी बंद करायची आहे.

रविवारी सकाळी मी पत्रा, शिडी, हातोडा आणि मूठभर खिळे घेऊन बराकीत गेलो. साचेवाल्याने पत्रा बघितला आणि त्याला कळलं. आपल्या जागेवरून बाजूला झाला. मी शिडी उचलली आणि दुसऱ्या खिडकीला लावली, जी स्वयंपाकघराकडे उघडायची आणि जिच्यातून धूर आत यायचा. वर चढलो, पत्रा धरला, पहिला खिळा ठोकला.

मागून साचेवाल्याची बोंब आली, "शिपाईदादा, चुकलंस! साहेबाक ती खिडकी बंद होयी आसतली! ती!"

पटांगणापलीकडे साहेबांची खोली, दार उघडं. मी तोंडातले खिळे काढून हातात घेतले, शिडीवरून मागे वळलो आणि आवाज न काढता, नुसत्या ओठांनी, त्याला सांगितलं, गप रव.

त्याने तोंड मिटलं. माझ्याकडे बघितलं, पत्र्याकडे बघितलं. मग आला, दोन्ही हातांनी शिडी घट्ट धरली, आणि मी उरलेले खिळे ठोकले.